विकून टाकली, विकून खाल्ली, विकून बसला

मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात जमिनीविषयी बोलताना नुसत्या ‘विकली’वर सहसा कुणी थांबत नाही. पौडवरून आत वळलं की वाळकी नदीच्या अंगानं भातखाचरं लागतात, आणि खाचरांच्या मधूनमधून आता तारेची कुंपणं, लोखंडी फाटकं, फार्महाऊसच्या पाट्या. इथल्या बऱ्याच सातबाऱ्यांवरची नावं बदलली आहेत. त्याबद्दल पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात बोलणं निघतं तेव्हा व्यवहार एकच असतो, क्रियापद मात्र ज्याचं त्याचं. एक म्हणतो, “त्यानं विकून टाकली.” दुसरा म्हणतो, “बापजाद्यांची जमीन, विकून खाल्ली.” तिसरा हळहळतो, “विकून बसला बिचारा.” ज्याची गेली तो स्वतः सांगतो, “विकून मोकळा झालो.” आणि मध्ये पडलेल्या माणसाच्या तोंडी असतं, “मीच विकून दिली.” खरेदीखत एक, त्यावरचे अभिप्राय पाच.

‘विकून टाकली’मधल्या ‘टाकणे’कडे आधी बघू. डोक्यावरचं ओझं खाली टाकावं तसा त्यात सुटकारा आहे, थोडी बेफिकिरीही आहे. भावाभावांची वाटणी रखडलेली, कोर्टात तारखेवर तारीख पडतेय, आणि एक दिवस ‘विकून टाकली’. फार विचार न करता विकली, की विचार करकरून जीव विटल्यावर विकली? शब्दात दोन्ही मावतं. नेमकं काय, ते बोलणाऱ्याच्या सुरावर. ‘विकून खाल्ली’मध्ये अशी सवलत नाही. तिथे निकाल आधीच लागलेला आहे. पैसा गाडीत गेला, हॉटेलात गेला, मित्रमंडळात गेला. भाताच्या मुलखात या ‘खाल्ली’ला जरा जास्तच धार चढते, कारण ज्या खाचरानं पिढ्यान् पिढ्या खाऊ घातलं तेच खाऊन संपवल्याचा आरोप तिच्यात आहे. मराठीत माणसं लाज विकून खातात; जमीन त्याच पंगतीला जाऊन बसते.

माझ्या मते या पाचांतला सर्वांत मुरलेला शब्द ‘बसला’ हा. व्हायचं ते होऊन गेलं, परतीची वाट बंद झाली, आणि हे करणाऱ्याला जसं कळलंय तसं बघणाऱ्यालाही. म्हणून हा ‘बसणे’ चांगल्या गोष्टीला लागत नाही. “पोरगा पहिला नंबर मिळवून बसला” असं कुणी म्हटलं तर ऐकणारा लगेच विचारील, मग बिघडलं काय? नकारही त्याला मानवत नाही. ‘तो जमीन विकून बसला नाही’ हे वाक्य व्याकरणात बसेल, कानात बसत नाही. पण ‘काहीतरी करून बसू नकोस’ हे मात्र घरोघरी ऐकू येतं. पश्चात्तापाची आगाऊ ताकीद देता येते. न झालेल्या पश्चात्तापाची नोंद करायला भाषेनं काही जागा ठेवलेली नाही.

‘मोकळा झालो’ हे स्वतःची समजूत काढणं. ते म्हणताना माणूस बहुधा दुसरीकडे बघत असतो. आणि ‘विकून दिली’? मराठीत ‘देणे’ मागे लागलं की कामाला उपकाराचा रंग येतो: लिहून दिलं, करून दिलं, सोडवून दिलं. दलाल ‘मी विकली’ म्हणूच शकत नाही, जमीन त्याची नव्हती. ‘विकून दिली’ म्हणाला की दलाली घेऊन वर मेहरबानीही नावावर जमा.

आता हाच व्यवहार इंग्रजीत न्या. तिथेही नुसतं ‘सेल’ पुरत नाही. सेल ऑफ म्हणजे पडत्या भावानं का होईना, एकदाचं काढून टाकणं. आपल्या ‘विकून टाकली’चा हा बराच जवळचा सोयरा. सेल अप म्हणजे घरदार, धंदा सगळं विकून दुसरीकडे निघून जाणं. हा खास ब्रिटिश प्रयोग. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाबद्दल तो नेमका लागू पडेल. सेल आऊट म्हणजे दुकानातला माल संपणं, आणि माणसाबद्दल म्हटलं तर त्यानं तत्त्व विकणं. ऑफ, अप, आऊट. यांना स्वतःचं वजन जवळपास नाही, पण विकणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याला काय वाटतं ते या चिमुकल्या शब्दांतून कळतं. याला इंग्रजी व्याकरणात फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याचं काय होतं? दोन रकाने. डावीकडे फ्रेझल व्हर्ब, उजवीकडे समानार्थी शब्द. सेल ऑफ: डिस्पोज. पुट ऑफ: पोस्टपोन. पुट अप विथ: टॉलरेट. टर्न अप: अराइव्ह. लुक आफ्टर: टेक केअर. पौड, पिरंगुटकडून पुण्याच्या अभ्यासिकांत जाणारी मुलं ही यादी घोकतात, आणि परीक्षेपुरती ती चालूनही जाते. माझी तक्रार परीक्षेशी नाही. उजव्या रकान्यात जे उतरतं तो अर्थ असतो, पण त्या अर्थाचा बोलणारा हरवलेला असतो. ‘विकून खाल्ली’समोर ‘विक्री केली’ असं लिहून कुणी गुण मिळवले तर कोळवणच्या पारावर त्याला हसतील. तेच इंग्रजीच्या बाबतीत आपण रोज करतो आणि त्याला शब्दसंग्रह म्हणतो.

हा प्रकार परक्यांना छळतो, हे इंग्रजांना जुनं ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या शब्दकोशाची प्रस्तावना १७५५ सालची. त्यात तो कम ऑफ, फॉल ऑन, ब्रेक ऑफ अशी उदाहरणं देऊन सांगतो की क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परदेशी माणसाची सर्वांत मोठी अडचण तीच. म्हणून आपण ती काळजीपूर्वक नोंदवली आहे. फ्रेझल व्हर्ब हे नाव मात्र बरंच उशिराचं. लोगन पिअरसॉल स्मिथनं १९२५ साली आपल्या पुस्तकात ते छापलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचंही नोंदवलं. म्हणजे शतकानुशतकं इंग्रज माणूस ही क्रियापदं वापरत होता आणि त्यांना नाव नव्हतं. त्याचं काही अडलं नाही.

आपल्याकडे ही कल्पना नवी नव्हती. संस्कृतच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकानं ‘हृ’ धातूचं उदाहरण ऐकलेलं असतं: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच, पुढे लागलेला उपसर्ग त्याला धरून भलतीकडे ओढत नेतो. जेवण, भटकंती, घाव, विनाश आणि निरसन ही एकाच घरची भावंडं. संस्कृतनं हा तुकडा शब्दाच्या पुढे चिकटवला. इंग्रजीनं तो मागे, सुटा ठेवला. मराठीनं वेगळंच केलं: अव्ययाऐवजी दुसरं अख्खं क्रियापदच जोडीला घेतलं आणि त्याचा मूळ अर्थ विरघळू दिला. ‘मरून गेला’मधला माणूस कुठेही जात नाही. शाळेच्या व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात, एक व्याख्या देतात, ‘मुले खेळू लागली’ असं एखादं निरुपद्रवी उदाहरण देतात आणि पान उलटतात. इतका मसालेदार प्रकार इतका अळणी करून वाढणं हेही एक कसबच.

संयुक्त क्रियापद ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दोन क्रियापदांच्या मध्ये ‘मग’ घालून बघायचं. ‘जेवून मग जा’ चालतं. तिथे दोन कामं आहेत, आधी जेवण, मागून जाणं. ‘मरून मग गेला’ चालत नाही. तिथे काम एकच. गंमत येते ती सीमेवरच्या वाक्यांत. ‘पुस्तक वाचून ठेव.’ वाचून झालं की फळीवर ठेव, की पुढे उपयोगी पडेल म्हणून आधीच वाच? इंग्रजीत ‘रन आऊट’ असंच दुतोंडी आहे: घरातून धावत बाहेर पडणं, किंवा साखर संपणं. आपल्या पोरांना त्याचा तिसरा अर्थ आधी कळतो. खोऱ्यात भात काढल्यावर रिकाम्या खाचरात क्रिकेट सुरू होतं तेव्हा रन आऊटवरून भांडायला कुणाला कोशाची गरज पडत नाही.

दोन्ही भाषांत या जोडीच्या मधली फट उघडीच राहते, आणि तिथे काय शिरू शकतं ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत सर्वनाम शिरतं: ‘पुट इट ऑफ’ म्हणावं लागतं, ‘पुट ऑफ इट’ म्हटलं की परका माणूस उघडा पडतो. मराठीत त्या फटीत आपली चिमूटभर अव्ययं शिरतात. ‘विकूनच टाकली.’ ‘विकून का टाकत नाहीस?’ ‘विकून तर टाकली नाहीस ना?’ हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. मुंबईहून गावाला आलेली मोठी बहीण धाकट्या भावाला विचारतेय असं समजा. ‘विकलीस का?’ हा प्रश्न झाला. ‘विकून तर टाकली नाहीस ना?’ मध्ये तिची धास्ती आहे, ‘तू तसा करणारच’ हा जुना अनुभव आहे आणि ‘नाही म्हण’ अशी विनवणीही आहे. एवढं सगळं ‘तर’ आणि ‘ना’ या दोन शब्दांनी आणि ‘टाकली’नं मिळून केलं. सातबाऱ्यावर हक्क सांगायला ती अजून आलेलीच नाही.

‘बोलणे’ घेऊन हाच खेळ पूर्ण खेळून पाहू. सोयरीक जमतेय असं धरू. मुलीकडचे आधी मुलाच्या मामाशी बोलून पाहतात. तिकडचा अंदाज घ्यायचा, हातचं राखून. इंग्रजीत याला साउंड आऊट म्हणतात, पाण्याची खोली चाचपावी तसं. अंदाज बरा आला की घरातली चारजणं एकत्र बसून बोलून घेतात; हे टॉक ओव्हर. मग कार्यालयाच्या मालकाशी बोलून ठेवतात, तारीख हातची जाऊ नये म्हणून. बैठकीच्या दिवशी चहा होतो, पोहे होतात, आणि एक काका गप्पांच्या ओघात मुलाच्या आधीच्या मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलून जातात. त्यांचा हेतू काही नव्हता, ते निसटलं. इंग्रजीत ‘स्लिप आऊट’. मुलीचा भाऊ तापतो आणि नको ते बोलून बसतो; ‘ब्लर्ट आऊट’, पण त्यात आपल्या ‘बसतो’मधली जन्माची चुटपुट नाही. सगळे गप्प. तेव्हा मुलीची आई मनात असलेलं बोलून दाखवते: आमच्यापासून लपवलं कशाला? याला ‘स्पीक अप’ म्हणता येईल. शेवटी थोरला चुलता, ज्याला घरी जाऊन गुरांच्या धारा काढायच्या आहेत, तो बोलून टाकतो: करायचं असेल तर सुपारी फोडा, नाहीतर उठा. ‘कम आऊट विथ इट.’

बोलणं सात वेळा झालं आणि एकदाही ते तेच नव्हतं. कोशात मात्र या सातांसमोर बोलणे, सांगणे, व्यक्त करणे असे तीन शब्द सापडतील. ज्याला ‘बोलून गेले’ आणि ‘बोलून बसला’ यांतला फरक आईच्या दुधाबरोबर कळला आहे त्याला ‘स्लिप आऊट’ आणि ‘ब्लर्ट आऊट’मधला फरक शिकवायला अर्धं मिनिट लागावं. लागतो अर्धा तास, कारण आपण त्याला दोन्हींचा अर्थ ‘रिव्हील’ असा सांगतो.

समानार्थी शब्द चुकतो कुठे, तर तो बहुतेकदा वेगळ्या घराण्यातून आणलेला असतो. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात राज्य करायला आले, आणि दरबार, कायदा, धर्मपीठ यांच्या वाटेनं फ्रेंच-लॅटिन शब्दांची रास इंग्रजीत येऊन पडली. चुलीपाशी, गोठ्यात, शेतात मात्र जुनी छोटी क्रियापदं राहिली: पुट, गेट, टेक, ब्रेक. म्हणून पुट ऑफ घरातलं आणि पोस्टपोन कचेरीतलं. हा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये. विधानसभेचं कामकाज तहकूब होतं. तो शब्द फारसीच्या वाटेनं आला. न्यायालय आदेशाला स्थगिती देतं, ती संस्कृतातून. घरातलं छप्पर शाकारायचं काम मात्र लांबणीवर पडतं, आणि लग्न पुढे ढकललं जातं. ‘आम्ही पोरीचं लग्न तहकूब केलं’ असं कोळवणात कुणी म्हणालं तर लोक त्याला सरपंचपदाचा उमेदवार समजतील. इंग्रजीत ‘आय पोस्टपोन्ड माय बाथ’ म्हणणारा पाहुणा साधारण याच अवस्थेत असतो.

जाता जाता: पुट ऑफमध्ये इंग्रज काम स्वतःपासून दूर सारतो, आपण ते पुढे ढकलतो. त्याच्या दृष्टीनं ते नजरेआड गेलं. आपल्या दृष्टीनं ते रस्त्यात पुढे उभं आहे आणि आपण त्याच्याकडेच चाललो आहोत. आळस दोघांचा सारखाच, पण आपला जरा प्रामाणिक.

‘कॉल ऑफ’समोर ‘कॅन्सल’ लिहून यादी पुढे जाते. मराठी तिथे काय करते पाहा: सामना रद्द होतो, लग्न मोडतं, संप मागे घेतला जातो, शोध थांबवला जातो, बेत फिसकटतो. एका कॉल ऑफला पाच क्रियापदं, आणि ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. संप ‘मोडला’ तर तो दुसऱ्यानं मोडला. लग्न ‘मागे घेतलं’ हे तर कुणी म्हणूच शकत नाही, कितीही वाटलं तरी. मेजर थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत छापून निघाला, कोशकार मोल्सवर्थनं सुरू केलेलं काम पुढे नेऊन. कँडी पुण्यात राहिलेले, मराठी गद्यात विरामचिन्हं रुळवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. इंग्रजी-मराठी कोशकाराची अडचण अशा जागी काय होत असेल याची कल्पना करावी: एका ओळीसमोर पाच ओळी लिहाव्या लागतात, आणि कुठली कधी हे सांगायला सहावी.

‘पुट अप विथ’कडे जरा थांबून बघायला हवं, कारण यादीतलं ‘टॉलरेट’ तिथे सर्वांत जास्त फसवतं. आपण त्याचं ‘सहन करणे’ करतो आणि हात झटकतो. पण सहन करणं भारदस्त आहे. त्यात सीता आहे, स्वातंत्र्यसैनिक आहेत. पुट अप विथ हे शेजाऱ्याच्या कुत्र्याचं भुंकणं, साहेबाची खोड, रोज उशिरा येणारी बस असल्या गोष्टींचं क्रियापद आहे. त्याची मराठी जोड ‘चालवून घेणे’ आणि ‘खपवून घेणे’. या दोन्हींतलं ‘घेणे’ पाहण्यासारखं: आलेला त्रास आपल्याकडे वळता करून घेतलेला आहे, नाखुशीनं, पण घेतलेला. दोघांत फरकही आहे. ‘चालवून घेणे’ सौम्य. भाजीत मीठ कमी आहे, चालवून घ्या. ‘खपवून घेणे’ नकारातच खुलतं: ‘मी असलं काही खपवून घेणार नाही.’ होकारात ते दुबळं पडतं. आणि इंग्रजीकडे कान दिला तर तिथेही ‘आय वोन्ट पुट अप विथ इट’ हाच प्रयोग जास्त ठसक्यात ऐकू येतो. दोन भाषा, एकमेकींशी नातं दूरचं, पण सोशिकपणा संपल्याची घोषणा करायला दोघींना सारखंच बोजड, एकाहून जास्त पायांवर चालणारं क्रियापद लागलं.

काही ठिकाणी मात्र जोड बसते, अर्थही बसतो, आणि तरी भाव बरोबर उलटा निघतो. पावसाचं घ्या. ‘द रेन हेल्ड ऑफ’ हे इंग्रज कृतज्ञतेनं म्हणतो: सामना पार पडला, बागेतलं जेवण पार पडलं, पाऊस शहाण्यासारखा लांब थांबला. कोळवणात हीच घटना घडते तेव्हा रोपं लावणीला आलेली असतात, खाचरात चिखल करायला पाणी नसतं, आणि लोक म्हणतात, ‘पावसानं ओढ दिली.’ फार झालं तर ‘दडी मारली’. पाऊस थांबला आहे हे दोघांनाही मान्य. एकाला तो सभ्य वाटतो, दुसऱ्याला नाठाळ. उजव्या रकान्यात ‘डिले’ लिहिल्यानं यातलं कुणाचंच समाधान होत नाही. तसंच ‘लेट अप’. पाऊस लेट अप झाला म्हणजे जोर कमी झाला. आपण म्हणतो ‘उघडला’, ‘उघडीप दिली’. मुळशीच्या जुलैत, जेव्हा पाऊस ‘लागतो’ आणि आठ-आठ दिवस तिकोना किल्ला दिसत नाही, तेव्हा ही उघडीप पाऊस देतो, आपण घेतो. ‘ओढ दिली’ आणि ‘उघडीप दिली’, दोन्हींत ‘देणे’च. पाऊस इथे देणारा आहे. नाही दिलं तरी तेच दिलं म्हणायचं.

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे, १९२८ साली सिमल्याहून आलेलं म्हणून लोकांच्या तोंडी अजून ‘सिमला ऑफिस’. तिथून निघणाऱ्या पत्रकांतला ‘ऑनसेट’ हा शब्द पाहा. केरळात मोसमी पावसाच्या ऑनसेटची सर्वसाधारण तारीख १ जून. ऑनसेट म्हणजे ‘सेट’ला ‘ऑन’ लागला, जागा बदलून पुढे आला आणि नाम झाला. पाऊस ‘सेट इन’ झाला म्हणजे येऊन ठाण मांडून बसला. आपलं ‘लागला’ त्याच्या किती जवळ! वर्तमानपत्रं मात्र ‘मान्सून दाखल झाला’ असं छापतात, जणू पोलीस ठाण्यात तक्रार.

‘टर्न अप’साठी यादी ‘अराइव्ह’ देते. मराठीत पोचणं वेगळं, टपकणं वेगळं, आणि दोन तास उशिरा आलेल्या माणसासाठी ‘उगवणं’ राखीव आहे. ‘ब्रिंग अप’ला ‘संगोपन’ असा शब्द सुचवलेला मी पाहिला आहे. आजी म्हणते, ‘लहानाचं मोठं केलं,’ आणि त्यातला ‘अप’ डोळ्यांदेखत उंच होत जातो. ‘लुक आफ्टर’ तर आपल्याकडे कधीचं मुरलेलं आहे. ‘म्हातारपणी मला कोण बघणार?’ यात ‘बघणे’ला आफ्टरही लागत नाही. आणि सगळ्यांत काटकसरीचं: ‘तिनं सासूचं फार केलं.’ काय केलं? न्हाऊमाखू घातलं, औषधपाणी केलं, रात्री उठून पाहिलं, शिव्या खाल्ल्या. कर्म वाक्यात नाहीच. षष्ठीचा ‘चं’ आणि ‘केलं’, एवढ्यात वर्षं आली.

‘गेट अवे विथ’ हे आणखी एक. काहीतरी गैर करून त्याची शिक्षा न भोगता सुटणं. यादीत ‘एस्केप पनिशमेंट’ असं लांबलचक काहीतरी असतं. मराठीचं उत्तर एका शब्दात आहे: पचवणे. ‘त्यानं ते पैसे पचवले.’ प्रवीण तरडे यांचा २०१८ सालचा ‘मुळशी पॅटर्न’ आला तेव्हा या तालुक्यातले जमिनीचे व्यवहार आणि त्यांतून उभी राहिलेली गुंडगिरी महाराष्ट्रभर चर्चेत आली. कुणी किती पचवलं आणि कुणाला बाधलं हे इथे त्याआधीही बोललं जात होतं. ‘खाल्लं’ म्हणजे नुसता भ्रष्टाचार. ‘पचवलं’ म्हणजे भ्रष्टाचार अधिक यश. इंग्रजीतला चोर दूर निघून जातो, ‘अवे’. आपला कुठेही जात नाही. तो गावातच राहतो, ढेकर देतो आणि पुढच्या निवडणुकीला उभा राहतो.

आता उलट वाहतूकही पाहायला हवी, कारण मराठीनं इंग्रजीची ही शेपटं नुसती पाठ केलेली नाहीत, तिनं ती तोडून आपल्या क्रियापदांना लावली आहेत. भात आणि भाजी पुण्याला नेणारा टेम्पो ‘पिकअप’ असतो. त्यातला ‘पिक’ कुणी वेगळा काढत नाही. पिकअप येतो, पिकअप भरतो, पिकअप चढाला दम खातो. खोऱ्यात रेल्वे नाही, पण रेल्वेच्या भाषेतलं ‘अप-डाऊन’ आहे: ‘पोरगा रोज पुण्याला अप-डाऊन करतो.’ इंग्रज माणसाला या वाक्यातला पोरगा जिन्यावर दिसेल. आपल्याला तो चांदणी चौकातल्या गर्दीत, पाठीला सॅक लावून, दुचाकीवर दिसतो. इंग्रजीत यासाठी ‘कम्यूट’ हा लॅटिन कुळीचा शब्द आहे. अप-डाऊनमध्ये जी दमणूक आहे, रोज जायचं आणि रोज यायचं, तिची त्यात सावलीही नाही. समानार्थी शब्दांच्या यादीत कधी मराठीनं घडवलेलं इंग्रजी घ्यायचं ठरलं तर पहिला मान याला द्यावा.

‘आऊट’ आपण क्रिकेटमधून उचलला आणि पेपर आऊट झाला, रिझल्ट आऊट झाला असा लावत सुटलो. ‘सेट’ झाला: पोरगा पुण्यात सेट झाला. आणि ‘ऑफ’. दिवा ऑफ होतो, फोन ऑफ होतो, आणि एखाद्या सकाळी निरोप येतो, “अण्णा ऑफ झाले.” इंग्रजीत असा प्रयोग नाही; तिकडच्या माणसाला अण्णा सुट्टीवर गेलेत असं वाटेल. त्यांच्याकडे ‘पास अवे’ आहे, मरण हा शब्द टाळण्यासाठी. आपल्याकडे टाळण्याचे मार्ग कमी नव्हते: गेले, वारले, देवाघरी गेले. तरी हा चौथा आला, कारण फोनवर, दोन मिनिटांत, पंधरा ठिकाणी कळवायचं असतं. ‘वारले’ म्हणताना आवाज खाली आणावा लागतो. ‘ऑफ झाले’ हे पौडच्या स्टँडवर एसटीच्या आवाजातही सांगता येतं, आणि ऐकणारा लगेच पुढचं विचारतो, “किती वाजता नेणार?”